घटक ६ : संशोधनाधारित युक्तिवादपर निबंध – पूर्वपक्षाची न्याय्य मांडणी

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
१. युक्तिवादपर निबंध आणि वर्णनपर किंवा प्रचारपर लेखन यांतील फरक स्पष्ट करता येईल.
२. व्यापक विषयातून सिद्ध करता येण्याजोगे प्रतिपाद्य विधान निश्चित करता येईल.
३. साधनांची पारख करून आकडे व निर्णय योग्य संदर्भासह वापरता येतील.
४. आपल्या मताविरुद्धचा पक्ष प्रामाणिकपणे मांडून त्याला उत्तर देता येईल.
५. निबंधाच्या भाषेतून नकळत डोकावणारा पक्षपात ओळखता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण वैचारिक निबंधाची सर्वसाधारण रचना पाहिली. या घटकात त्याच निबंधाचा एक अधिक कसोटीचा प्रकार अभ्यासावयाचा आहे. ज्या प्रश्नावर विचारी माणसांत खरोखरच मतभेद आहेत, अशा प्रश्नावर पुराव्याच्या आधारे एक मत मांडणे आणि ते मांडताना विरुद्ध मतालाही न्याय देणे, हे या प्रकाराचे स्वरूप आहे.

दूरशिक्षणाने शिकणारे तुम्ही बहुतेक जण नोकरी, शेती, मासेमारी किंवा घरसंसार सांभाळून अभ्यास करता. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना तर वादाचे विषय शोधत दूर जावे लागत नाही. औद्योगिक वसाहत, अणुवीज केंद्र, सांडपाणी, रेल्वेमार्ग, बंदर यांपैकी कोणत्या ना कोणत्या प्रश्नाशी तुमच्या घरचे कोणीतरी जोडलेले असते. एकाच घरात एक भाऊ कारखान्यात पाळीवर जातो आणि दुसरा होडीवर. अशा ठिकाणी ‘विरुद्ध पक्ष’ म्हणजे कोणी परका नसतो; तो आपल्याच ओसरीवर बसलेला असतो. म्हणूनच हे लेखनकौशल्य केवळ गुणांसाठी नाही.

या घटकात आपण डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराचा प्रश्न उदाहरण म्हणून घेणार आहोत. बंदर व्हावे की न व्हावे, याचा निकाल देणे हा या घटकाचा हेतू नाही. अशा प्रश्नावर लिहावे कसे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ वाद, जल्प आणि वितंडा

भारतीय न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्याचा निर्णय व्हावा म्हणून केलेली चर्चा म्हणजे वाद. काहीही करून जिंकायचेच, या हेतूने शब्दच्छलाचाही आधार घेऊन केलेली चर्चा म्हणजे जल्प. स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढत राहणे म्हणजे वितंडा. आजच्या मराठीत ‘वाद’ या शब्दाला भांडणाचा वास लागला आहे. मुळात मात्र तो तिन्हींतला सर्वांत प्रतिष्ठित शब्द होता. युक्तिवादपर निबंध हा या मूळ अर्थाने ‘वाद’ असतो.

मीमांसाशास्त्रातील अधिकरणाची रचनाही आपल्याला उपयोगी पडणारी आहे : विषय, त्याविषयीचा संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. यातील क्रम ध्यानात घ्या. आपले मत सिद्ध करण्याआधी विरुद्ध मत मांडावयाचे, आणि तेही त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपात. दुबळा पूर्वपक्ष खोडून मिळालेला सिद्धान्तही दुबळाच राहतो, ही त्यामागील दृष्टी आहे.

आधुनिक मराठी गद्य तर वादांतूनच घडले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचे उदाहरण घ्या. आगरकरांनी या सुधारणेचा पुरस्कार केला, टिळकांनी विरोध. ‘टिळक बालविवाहाच्या बाजूचे होते’ असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, तर तो पूर्वपक्ष चुकीचा ठरेल. परकीय सरकारने कायद्याच्या बळावर सामाजिक चालीरीतींत हात घालू नये, हा टिळकांचा मुख्य मुद्दा होता. मुलींच्या विवाहाचे वय वाढावे, यासाठी स्वेच्छेने बंधन स्वीकारण्याची भूमिका त्यांनी घेतली होती. तुम्हाला टिळकांचे मत अमान्य असू शकते. पण जे मत त्यांचे नव्हतेच त्याचे खंडन करणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे होय.

६.३.२ विषयापासून प्रतिपाद्यापर्यंत

‘वाढवण बंदर : शाप की वरदान?’ असे शीर्षक विद्यार्थ्यांना मोहात पाडते. परंतु हा विषय झाला, प्रतिपाद्य नव्हे. शिवाय ‘शाप’ आणि ‘वरदान’ या दोन टोकांत सगळा प्रश्न कोंबला की मधली सारी जमीन नाहीशी होते. प्रथम प्रश्नाचा इतिहास थोडक्यात जुळवून पाहू.

- जून १९९१ : केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला.
- १९९६ : सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते.
- १९९८ : या प्राधिकरणाने वाढवण येथील तत्कालीन बंदर-प्रस्ताव अमान्य केला.
- फेब्रुवारी २०२० : केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदराला तत्त्वतः मान्यता दिली.
- जुलै २०२३ : प्राधिकरणाने अटींसह ना-हरकत दिली.
- जून २०२४ : केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी.
- ऑगस्ट २०२४ : पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी.

एवढ्या नोंदींवरूनही काही गोष्टी दिसतात. एकाच प्राधिकरणाने पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन वेगळे निर्णय दिले. विरोधक पहिला निर्णय उद्धृत करतात, समर्थक दुसरा. जो निबंध यांपैकी एकच सांगतो तो खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलतो. दोन्ही निर्णय सांगून त्यांमागील कारणे वेगळी का होती हे तपासणे, हे संशोधन.

आता प्रतिपाद्य. चांगल्या प्रतिपाद्याच्या तीन कसोट्या आहेत : त्यावर मतभेद संभवतो, ते पुराव्याने सिद्ध किंवा असिद्ध करता येते, आणि ते दीड-दोन हजार शब्दांत पेलते. या कसोट्यांवर उतरणारे एक विधान असे होईल :

*“वाढवण बंदरामुळे ज्यांच्या मासेमारीवर परिणाम होईल त्यांची हानी, जमीन गमावणाऱ्यांच्या हानीइतक्याच काटेकोरपणे मोजली आणि भरून दिली पाहिजे.”*

या विधानाने बंदराविषयीचा संपूर्ण वाद संपत नाही. परंतु त्यातील एक महत्त्वाची गाठ ते नेमकी पकडते.

६.३.३ साधनांचा शोध आणि पारख

प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले? कशाच्या आधारे सांगितले?

*केव्हा* या प्रश्नाचे महत्त्व पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रकल्पाचा खर्च ६५,५४४ कोटी रुपये सांगितला गेला. जून २०२४ मध्ये तो ७६,२२० कोटी झाला. दोन्ही आकडे अधिकृत आहेत. तारखेशिवाय दिलेला आकडा मात्र निराधार ठरतो.

*कशाच्या आधारे* या प्रश्नासाठी रोजगाराचा आकडा घ्या. मंजुरीच्या वेळी सुमारे १० लाख व्यक्तींना रोजगाराची संधी सांगितली गेली, ती ‘प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष’ मिळून. निबंधात ‘१० लाख नोकऱ्या मिळणार’ असे लिहिले, तर ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द गळतो आणि ‘संधी’चे ‘मिळणार’ होते. एक शब्द गाळल्याने आणि एक क्रियापद बदलल्याने अंदाजाचे आश्वासन बनले.

बोईसर-पालघर परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला पुढील साधने आवाक्यातील आहेत : मंत्रिमंडळाच्या निर्णयांची प्रसिद्धिपत्रके, न्यायालये व न्यायाधिकरणे यांचे निकाल, पर्यावरणीय परिणामांचे अहवाल, जनसुनावणीची इतिवृत्ते, ग्रामसभांचे ठराव, मच्छीमार सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची आकडेवारी. अप्रकाशित सरकारी कागदांसाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचा आधार घेता येतो. प्रत्यक्ष मुलाखतीही घ्याव्यात; मात्र ज्या बाजूचे लोक ओळखीचे आहेत, केवळ त्यांच्याच घेऊन थांबू नये. सातपाटीच्या बंदरावर दोन जणांशी बोललात, तर बोईसरला मालवाहतुकीच्या व्यवसायातील किंवा कारखान्यातील दोन जणांशीही बोला.

आपल्या प्रतिपाद्याला बळ देणारी दोन साधने येथे नमुन्यादाखल पाहू.

(अ) भूसंपादनाचा २०१३ चा कायदा. यात ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेत जलसाठ्यांवर उपजीविका अवलंबून असणाऱ्या कुटुंबांचा, त्यांत मच्छीमार व नावाड्यांचाही, समावेश आहे. परंतु अट अशी की, त्या उपजीविकेवरचा परिणाम *जमिनीच्या संपादनामुळे* झालेला असावा. वाढवण बंदरासाठी सुमारे १,४४८ हेक्टर क्षेत्र समुद्रात भराव घालून निर्माण करावयाचे आहे. जेथे जमीन संपादितच होत नाही, ती तयार केली जाते, तेथे ही व्याख्या कितपत पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

(आ) राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २०१५ चा आदेश. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्तार प्रकरणात न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. समुद्रावरच्या उपजीविकेची हानी रुपयांत मांडता येते, असे यावरून दाखवता येते. मात्र एक सावधगिरी हवी : कोणत्याही आदेशाचे पुढे अपिलात काय झाले, हे पाहिल्याशिवाय तो अंतिम म्हणून उद्धृत करू नये. ‘न्यायाधिकरणाने आदेश दिला’ आणि ‘मच्छीमारांना भरपाई मिळाली’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

> स्वयंअध्ययन प्रश्न – १
> १. वाद, जल्प आणि वितंडा यांतील फरक प्रत्येकी एका वाक्यात सांगा.
> २. ‘तारापूरचे प्रदूषण’ हे प्रतिपाद्य का होऊ शकत नाही?
> ३. तारखेशिवाय दिलेला खर्चाचा आकडा अपुरा का मानावा?

६.३.४ पूर्वपक्षाची मांडणी

पूर्वपक्ष मांडताना एकच कसोटी ध्यानात ठेवा : त्या पक्षाच्या माणसाने तुमचा परिच्छेद वाचून ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हटले पाहिजे. तो जर ‘असे कोण म्हणते?’ असे विचारील, तर तुम्ही वडाची साल पिंपळाला लावली आहे.

बंदराचे समर्थन कसे मांडावे, याचा हा नमुना वाचा :

*“वाढवणच्या किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली उपलब्ध आहे. आजची सर्वांत मोठी कंटेनर-जहाजे लागण्यासाठी अशी खोली लागते आणि देशातील फार थोड्या बंदरांत ती मिळते. नऊ कंटेनर टर्मिनले व वर्षाला सुमारे २९.८ कोटी टन माल हाताळण्याची क्षमता नियोजित असल्याने आयात-निर्यातीचा खर्च घटेल, असे प्रवर्तकांचे म्हणणे आहे. बंदर मुख्यतः समुद्रातील भरावावर उभे राहणार असल्याने गावठाणे उठवावी लागणार नाहीत, हा त्यांचा आणखी एक मुद्दा आहे. ज्या जिल्ह्यातील तरुण रोज पहाटे विरार-मुंबईची गाडी पकडतात, तेथे जवळ काम निर्माण होण्याचे मोल कमी नाही.”*

या परिच्छेदात ‘विकासाच्या गोंडस नावाखाली’ यांसारखा शब्दप्रयोग नाही, हे ध्यानात आले का? पूर्वपक्षाच्या परिच्छेदात खंडनाची घाई करू नये. त्याचे स्थान पुढे आहे.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. पूर्वपक्ष *तुमच्या प्रतिपाद्याच्या* विरुद्ध असावा लागतो, केवळ विषयाच्या विरुद्ध नव्हे. आपले प्रतिपाद्य भरपाईविषयी आहे. त्यावर किमान तीन आक्षेप येऊ शकतात :

१. समुद्र कोणा एकाचा नाही. सातबाऱ्यावर नाव असते, तसे पाण्यावर नसते. मग हानी कोणाची आणि किती, हे ठरवावे कसे?
२. मासळी आधीच घटते आहे. अनिर्बंध जाळी, लहान पापलेटची पकड, औद्योगिक सांडपाणी अशी कारणे बंदरापूर्वीची आहेत. सगळ्याचा बोजा बंदरावर का टाकावा?
३. भरपाईची चर्चा करणे म्हणजे प्रकल्प मान्य करणे होय. आम्हाला भरपाई नको, समुद्र हवा.

तिसरा आक्षेप बंदर-विरोधकांचा आहे. तुम्ही ज्यांच्या हिताचा विचार करून लिहीत आहात, त्यांच्यापैकीच कित्येकांना तुमचे प्रतिपाद्य अमान्य असू शकते. वादात नेहमी दोनच पक्ष असतात, हा समज टाकून द्यावा. हा पक्ष तारापूर अणुवीज केंद्राचा अनुभव सांगतो. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. त्या पुनर्वसनाच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. ज्यांनी शेजारच्या गावाचे उठणे पाहिले आहे, त्यांचा आश्वासनांवरील अविश्वास हा निव्वळ भावनेचा प्रश्न नसून अनुभवजन्य पुरावा आहे, हे निबंधात नोंदवले पाहिजे.

६.३.५ उत्तरपक्ष : मान्यता, मर्यादा आणि खंडन

प्रत्येक आक्षेपाला एकाच पद्धतीने उत्तर देता येत नाही. तीन मार्ग आहेत.

मान्यता. आक्षेप खरा असेल तर तो मान्य करावा. दुसरा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. पापलेटच्या घटत्या संख्येची चिंता सरकारनेही मानली आहे. २०२३ मध्ये त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून दर्जा देण्यामागे संवर्धनाचा हेतू होता. म्हणून असे लिहावे : ‘मासळी घटण्याची कारणे अनेक आहेत. याच कारणास्तव बांधकामाच्या आधीची मासळीची आवक आणि नंतरची आवक यांची नोंद स्वतंत्रपणे व्हायला हवी. एरवी बंदराचा वाटा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.’ मान्यतेने प्रतिपाद्य कमकुवत झाले नाही. ‘काटेकोरपणे मोजली पाहिजे’ या शब्दांना त्यामुळे आधारच मिळाला.

खंडन. आक्षेप पुराव्यापुढे टिकत नसेल तर तो शांतपणे खोडावा. पहिल्या आक्षेपास हरित न्यायाधिकरणाचा २०१५ चा आदेश उत्तर देतो : कुटुंबांची संख्या आणि रक्कम, दोन्ही तेथे निश्चित करण्यात आली. पाण्यावर सातबारा नसला, तरी होडीची नोंदणी, सहकारी संस्थेचे सभासदत्व, डिझेलची नोंद, मासळीविक्रीच्या पावत्या हे पुरावे असतात. येथेच एका शब्दाकडे लक्ष द्या. ‘विस्थापन होणार नाही’ असे प्रवर्तक म्हणतात, तेव्हा ‘स्थान’ म्हणजे घर आणि जमीन असा त्यांचा अर्थ असतो. मच्छीमार ‘आम्ही विस्थापित होऊ’ म्हणतो, तेव्हा ‘स्थान’ म्हणजे जेथे तो पिढ्यान्पिढ्या जाळे टाकतो ते पाणी. दोघेही आपापल्या अर्थाने खरे बोलत आहेत. शब्दाचे हे दोन अर्थ वेगळे करून दाखवले की अर्धा वाद मिटतो आणि उरलेला अर्धा स्पष्ट दिसू लागतो. युक्तिवादपर निबंधात व्याख्येला महत्त्व असते, ते यासाठी.

मर्यादा. काही आक्षेप ना मान्य करता येतात, ना खोडता येतात. तिसरा आक्षेप तसा आहे. समुद्राचे मोल पैशात होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्याला आकड्याने उत्तर देता येत नाही. तेथे आपल्या निबंधाची सीमा सांगावी : ‘बंदर व्हावे की नाही, हा प्रश्न येथे घेतलेला नाही. ते होणारच असेल, तर हानीची मोजणी कशी व्हावी एवढ्यापुरताच हा युक्तिवाद आहे. विरोध करण्याचा कोणाचाही हक्क त्याने कमी होत नाही.’ न्यायशास्त्रात वादापुरती एखादी गोष्ट गृहीत धरून पुढे जाण्याला अभ्युपगम म्हणतात. मात्र गृहीत धरले आहे, हे वाचकाला उघड सांगणे आवश्यक असते.

६.३.६ निःपक्षपाती भाषा

पक्षपात विशेषणांत असतो, हे सर्वांना ठाऊक असते. मराठीत तो त्याहून लहान शब्दांत लपतो.

*कथनाची क्रियापदे.* ‘समर्थक दाखवून देतात आणि विरोधक आरोप करतात’ असे लिहिले की निकाल लागलाच. ‘दाखवून देणे’ यात सत्याची हमी आहे, ‘आरोप करणे’ यात संशय. दोन्ही पक्षांसाठी ‘म्हणणे आहे’, ‘मत आहे’, ‘मांडतात’ अशी समान क्रियापदे वापरावीत.

*निपात व अव्यये.* ‘बंदराने म्हणे रोजगार मिळेल’ यातील ‘म्हणे’ हा एक शब्द उपहास करतो. ‘तथाकथित’, ‘फक्त’, ‘-च’ हेही तपासावेत. ‘मच्छीमार फक्त भरपाई मागतात’ आणि ‘मच्छीमार भरपाई मागतात’ यांत केवळ एका शब्दाचा फरक आहे, पण माणसांविषयीचे मत बदलते.

*वाक्याचा क्रम.* ‘जरी रोजगार मिळणार असला, तरी मासेमारीची हानी होईल’ आणि ‘जरी मासेमारीची हानी होणार असली, तरी रोजगार मिळेल’ : माहिती तीच, पण ‘तरी’नंतरचा भाग वाचकाच्या मनात राहतो. सगळ्या वाक्यांत एकच पक्ष ‘जरी’च्या घरात आणि दुसरा ‘तरी’च्या घरात राहत असेल, तर निबंध पुन्हा वाचावा.

> स्वयंअध्ययन प्रश्न – २
> १. पूर्वपक्ष न्याय्य आहे की नाही, याची कसोटी कोणती?
> २. आक्षेपाला उत्तर देण्याचे तीन मार्ग सांगा.
> ३. पुढील वाक्य निःपक्षपाती करा : ‘काही स्वयंघोषित पर्यावरणवादी बंदराविरुद्ध कांगावा करीत आहेत.’

६.४ सारांश

युक्तिवादपर निबंध म्हणजे सत्यनिर्णयासाठी केलेला लिखित वाद होय. व्यापक विषयातून मर्यादित, सिद्ध करण्याजोगे प्रतिपाद्य निवडावे. प्रत्येक साधनाचा कर्ता, काळ आणि आधार तपासावा. पूर्वपक्ष त्याच्या कैवाऱ्याला मान्य होईल असा मांडावा आणि तो आपल्या प्रतिपाद्याशी भिडणारा असावा. आक्षेप खरा असेल तेथे मान्यता, पुराव्यापुढे न टिकणारा असेल तेथे खंडन आणि मूल्यांचा प्रश्न असेल तेथे मर्यादेचा उच्चार करावा. क्रियापदे, निपात आणि वाक्यक्रम यांतील कल शेवटच्या वाचनात दुरुस्त करावा. असा निबंध वाचून विरुद्ध पक्षाच्या वाचकाचे मत बदलेलच असे नाही. परंतु आपले म्हणणे ऐकून घेतले गेले, एवढे त्याला निश्चित जाणवेल. तेथून पुढचे बोलणे शक्य होते.

६.५ पारिभाषिक शब्द

प्रतिपाद्य : निबंधातून सिद्ध करावयाचे मुख्य विधान.
पूर्वपक्ष : आपल्या प्रतिपाद्याविरुद्धचे मत व त्याचा आधार.
उत्तरपक्ष : पूर्वपक्षाला दिलेले सकारण उत्तर.
अभ्युपगम : चर्चेपुरते एखादे विधान गृहीत धरणे.
निपात : वाक्यातील अर्थाला विशेष छटा देणारा अविकारी शब्द, उदा. च, म्हणे.

६.६ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) वाद सत्यनिर्णयासाठी, जल्प विजयासाठी, वितंडेत स्वपक्ष न मांडता केवळ खंडन असते. (२) तो विषय आहे. त्यात सिद्ध किंवा असिद्ध करता येईल असे विधान नाही. (३) प्रकल्पाचा खर्च काळानुसार बदलतो. तारखेशिवाय आकडा पडताळता येत नाही.

प्रश्न २ : (१) त्या पक्षाच्या व्यक्तीला ती मांडणी आपलीच वाटली पाहिजे. (२) मान्यता, खंडन, मर्यादा. (३) ‘काही पर्यावरण-कार्यकर्त्यांचा बंदराला विरोध आहे.’ यापुढे विरोधाचे कारण नोंदवावे.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘मराठी गद्यपरंपरेतील वाद आणि पूर्वपक्षाचे स्थान’ यावर ३०० शब्दांत टीप लिहा.
२. बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रातील सांडपाण्याच्या प्रश्नावर एक प्रतिपाद्य विधान तयार करा. त्यावर कारखानदार, कामगार आणि खाडीत मासेमारी करणारा अशा तिघांचे आक्षेप प्रत्येकी पाच ओळींत लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावातील एका वादग्रस्त प्रश्नावर तुमच्याशी असहमत असलेल्या व्यक्तीची मुलाखत घ्या. तिचे म्हणणे एका परिच्छेदात लिहून तिलाच वाचून दाखवा. तिने सुचवलेल्या दुरुस्त्यांसह दोन्ही मसुदे अभ्यासकेंद्रावर सादर करा. या कार्यात तुमच्या स्वतःच्या मताला गुण नाहीत. दुसऱ्या मसुद्याला आहेत.